गुरुवारची गैरहजेरी

नव्या सत्रात सलग सहाव्या गुरुवारी जोनाथन प्रॅक्टिकलला आला नाही, तेव्हा रसायनशास्त्राच्या पुंडलिक सरांनी त्याचं नाव समुपदेशकाकडे पाठवलं. सोबत चिठ्ठी होती. ‘टी.वाय.चा हुशार मुलगा. वडील गेल्यापासून बिघडला आहे. वर्गात मुलांकडे बघून ओठ हलवतो. बघा काय ते.’

चिठ्ठी वाचून प्रतिक्षा म्हात्रेला चक्क बरं वाटलं होतं. पुढे कितीतरी दिवस तिला त्याचीच लाज वाटत राहिली. पण खरं ते खरं. रोह्याच्या त्या कॉलेजात तिला सात महिने झाले होते. मानसशास्त्रात एम.एस्सी. करून ती कंत्राटावर लागली होती, रोज पेणहून यायची, आणि पूर्वी जिथे खेळाचं सामान ठेवायचे त्या खोलीत बसायची. कोपऱ्यात अजून दोन हवा गेलेले व्हॉलीबॉल पडलेले होते. मुलं यायची ती बहुतेक पंख्याखाली बसायला. कुणी ‘मॅडम, टेन्शन आलंय’ म्हणून पाच मिनिटं बोलायचं आणि मित्राची हाक आली की उठून जायचं. आता पहिल्यांदा खरीखुरी केस आली होती.

केस म्हणजे एकवीस वर्षांचा सडपातळ मुलगा. शर्ट इस्त्रीचा, हनुवटीवर मात्र वाढलेली दाढी. खुर्चीत अगदी कडेला बसला.

प्रतिक्षाने टॅबलेट उघडला. तिला नेमणाऱ्या संस्थेचं ऑफिस पुण्यात होतं आणि प्रश्नावली तिथूनच आलेली. पंचवीस प्रश्न, क्रमाने विचारायचे, अर्ध्या तासात संपवायचे. मराठी असं, की ते पुन्हा मराठीत सांगावं लागायचं.

“गेल्या दोन आठवड्यांत आपणांस सुखावह कृतींबाबत अनास्था कितपत वारंवार जाणवली?”

“म्हणजे?”

“काही करावंसं वाटत नाही, असं होतं का?”

“वेळच नसतो मॅडम.”

तिने ‘बऱ्याचदा’वर बोट ठेवलं. मग झोप. झोप कमी होती, गुरुवारी तो चारला उठायचा. मग भूक, मग थकवा. अकराव्या प्रश्नानंतर ती प्रश्नावली सोडून म्हणाली, “गुरुवारी जातोस कुठे?”

“पेणला. प्रार्थनेला. बाबांसाठी.” मग तो पहिल्यांदा जरा सैल झाला. “तुम्ही पेणच्याच ना? पेणमध्ये कुठे?”

“रामवाडी.”

“मग तुम्हाला माहीतच असेल. आमचं सिनेगॉग. गुरुवारचं.”

प्रतिक्षाने मान हलवली.

सिनेगॉग तिला माहीत होतं म्हणजे त्याचं फाटक माहीत होतं. क्लासला जाताना चार वर्षं ती त्याच्यासमोरून सायकलने गेली होती. आजी त्याला ‘शनवार तेल्यांचं देऊळ’ म्हणायची, शनिवारी घाणा बंद ठेवणाऱ्या ज्यूंचं. आत काय असतं, गुरुवारी तिथे काय होतं, यातलं तिला काडीचंही ठाऊक नव्हतं. पण पेणची असून हे कसं विचारायचं? वरून हा मुलगा विश्वासाने बोलायला लागलेला. तिने मान हलवली, आणि त्याने समजावून सांगायचं ते सांगितलंच नाही.

“तिथे काय करतोस?”

“मोजतो. दहा झाले का ते.”

“बोटांवर?”

“नाही, शब्दांवर. मनात. आता इतकी सवय लागलीये की कुठेही चार माणसं दिसली की आपोआप सुरू होतं. वर्गात पण.”

“आणि दहा नाही झाले तर?”

तो जाळीच्या खिडकीकडे बघत राहिला. “मग सगळं वाया. बाबांचं माझ्याकडून राहून जातं.”

प्रतिक्षाचं बोट टॅबलेटवर थांबलं. मोजणं, ठरलेले शब्द, ठरलेला आकडा, तो गाठला नाही तर वडिलांचं वाईट होईल ही भीती. तिच्या शेवटच्या वर्षाच्या पुस्तकात हे सगळं एका प्रकरणात होतं, तिने त्याखाली पेन्सिलने रेघाही मारल्या होत्या. एकोणिसाव्या प्रश्नाला तिने ‘होय’ केलं, एकविसाव्याला ‘होय’, तेविसाव्याला ‘होय, कामात व्यत्यय’. पंचविसावा प्रश्न झाला आणि पडद्यावर लाल पट्टी आली. ‘तज्ज्ञांकडे पाठवा.’ तिने पाठवलं. त्याला दोन मिनिटं श्वासाचा व्यायामही शिकवला. त्याने तो शहाण्यासारखा केला आणि थँक्यू मॅडम म्हणून गेला.

पुढच्या सोमवारी दुपारी खोलीचं दार न वाजवताच उघडलं. दारात पन्नाशीची बाई उभी होती. साडीवर आडवी टाकलेली पर्स, गळ्यात माप घ्यायची टेप तशीच राहिलेली, हातात कॉलेजच्या शिक्क्याचं पत्र.

“तूच का गो ती? माझा पोरगा खुळा म्हणून लिहून देणारी?”

“बसा ना ताई. आपण…”

“बसायला नाय आले. मी रेबेका, जोनाथनची आई. पुलापलीकडं अष्टमीत शिवणकाम करते. ह्यात काय लिव्हलंय ते मला वाचून दाखव. मी वाचलंय, पण तुझ्या तोंडानं ऐकायचंय.”

प्रतिक्षाने पत्र घेतलं. मानसोपचारतज्ज्ञांचा दाखला आणेपर्यंत सदर विद्यार्थ्यास प्रयोगशाळेत प्रवेश देता येणार नाही. आम्ल, ज्वलनशील पदार्थ, सुरक्षितता वगैरे. खाली प्राचार्यांची सही. असं पत्र निघेल हे तिला कुणी सांगितलं नव्हतं. लाल पट्टीची एक प्रत आपोआप प्राचार्यांकडे जाते, हे तिला त्या क्षणी कळलं.

“ताई, खुळा असं कुणीच म्हटलेलं नाही. तो सारखा माणसं मोजतो, त्याचा त्याला त्रास होतो…”

“मोजतो! मग मोजायला नको?” रेबेकाचा आवाज व्हरांड्यात ऐकू जात असणार. “मेलेल्या बापासाठी कद्दीश म्हणायचा असतो मुलानं. अकरा महिने. एकट्यानं म्हणून चालत नाय, समोर आमच्यातली दहा बापे माणसं लागतात. रोह्यात आता दहा कुठून आणू? कोण ठाण्याला गेलं, कोण इस्राएलला. म्हणून पेणला जातो, तिथं गुरुवारी कसेबसे जमवतात. तू पेणची, असं म्हणाला तो. तुला ठाऊक हाय म्हणाला!”

प्रतिक्षाने पत्राची घडी घातली.

“आन् माणसं आकड्यात मोजायची नाय आमच्यात. एक-दोन-तीन करून ढोरं मोजतात. आमचं एक वचन हाय, दहा शब्दांचं. एका माणसावर एक शब्द टाकायचा.” रेबेका तरातरा खिडकीशी गेली. बाहेर नळावर मुलं पाणी पीत होती. जाळीतून एकेकाकडे बघत तिने ओठातल्या ओठात काही म्हटलं आणि वळली. “बघ. तीन शब्द उरले. म्हणजे तीन कमी. झालं! आता मलाही पाठव डॉक्टरकडं.”

नळावर सात मुलं होती. प्रतिक्षाने मोजून पाहिली, आकड्यांत.

तिला राग आला तो आधी रेबेकाचा, मग पुंडलिक सरांचा, मग पुण्याच्या प्रश्नावलीचा. स्वतःचा यायला दोन-चार मिनिटं लागली. तिची निरीक्षणं सगळी बरोबर होती. मुलगा मोजत होता, शब्द ठरलेले होते, दहाचा आकडा होता, भीतीही होती. प्रयोगशाळेत असं झालं असतं तर तिने म्हटलं असतं, रीडिंग बरोबर, निष्कर्ष चुकीचा, पुन्हा करा. पण इथे रीडिंग शिक्का मारून पुढे गेलं होतं.

“मी दुरुस्त करते,” ती म्हणाली.

“कर,” रेबेका म्हणाली. “मार्चात अकरा महिने भरतात त्याच्या बापाला. मार्चातच परीक्षा. प्रॅक्टिकलच्या वहीवर सही नसली तर परीक्षेला बसवत नाहीत म्हणे. मी दोन्हीतलं एकही सोडू देणार नाय त्याला. तुझं तू बघ.”

दुरुस्त करणं म्हणजे काय, ते प्रतिक्षाला पुढच्या चार दिवसांत समजलं. ॲपमध्ये ‘पाठवा’ होतं, ‘परत घ्या’ नव्हतं. तिने पुण्याच्या सुपरवायझर मॅडमना फोन लावला. तिसऱ्यांदा उचलला गेला.

“लाल झालेली केस डॉक्टरच हिरवी करू शकतात, प्रतिक्षा. आपण नाही. नियम मुलांच्या भल्यासाठीच आहे ना?”

“पण मॅडम, तो आजारी नाहीये. ती त्यांची पद्धत आहे.”

“हे तू विचारायला हवं होतंस. सांस्कृतिक संवेदनशीलतेचं ट्रेनिंग तू केलं होतंस की नाही?”

केलं होतं. ऑनलाइन, चाळीस मिनिटांचं. सण, आहार, पेहराव, आणि शेवटी हात जोडलेल्या माणसांचं चित्र. त्यात दहा माणसं कुठेच नव्हती. अर्थात, खुर्चीच्या कडेला बसलेल्या मुलाला ‘मला माहीत नाही, सांग’ म्हणायला कुठलं ट्रेनिंग लागत नव्हतं. ते तिने मॅडमना सांगितलं नाही.

“एक सुचवू का?” मॅडम म्हणाल्या. “त्याला एकदा डॉक्टरांकडे पाठवून दे. ते नॉर्मल लिहितील, विषय संपेल. तू कुठे लेखी काही कबूल करत बसू नकोस. करार नूतनीकरणाला आलाय तुझा.”

मानसोपचारतज्ज्ञ जिल्ह्याच्या ठिकाणी बसायच्या. कोणत्या वारी, ते प्रतिक्षाने फोन करून विचारलं. पलीकडून उत्तर आलं, “गुरुवारी.” ती फोन हातात धरून हसली. बाजूला असतं कुणी, तर तिलाच प्रश्नावली दिली असती.

शुक्रवारी ती जोनाथनला घेऊन प्राचार्यांकडे गेली. पुंडलिक सर तिथेच बसले होते. तिने सगळं सांगितलं, क्रमाने, आपली चूकही. प्राचार्य भले होते. त्यांनी चहा मागवला.

“अरे, मग आधी सांगायचं! वडिलांचं कार्य आहे, आपण काय राक्षस आहोत? दाखला येऊ दे, कागदावर मला तो लागेल. आणि प्रॅक्टिकल बुडालीत ती भरून काढू. पुंडलिक सर, शनिवारी दुपारी लॅब मोकळी असते ना? शनिवारी करून टाक बाळा.”

जोनाथन बुटांकडे बघायला लागला. प्रतिक्षाने डोळे मिटून घेतले. एवढं आता तिलाही कळत होतं.

“शनिवारी नाही जमणार, सर.”

“का?”

“शब्बाथ असतो. काम करत नाही आम्ही.”

“गुरुवारी नाही, शनिवारी नाही,” पुंडलिक सर म्हणाले. “मग राजे, आपल्याला कॉलेज कधी परवडेल? अमावास्येला?”

“सर, त्याची बॅच बदला ना,” प्रतिक्षा म्हणाली. “मंगळवारच्या बॅचला टाका.”

“मंगळवारी वीस टेबलं, वीस मुलं. एकविसावा काय माझ्या डोक्यावर ब्युरेट लावणार? आणि मॅडम, तुम्हीच लिहिलंत ना तो धोकादायक आहे म्हणून?”

“धोकादायक असं मी लिहिलेलं नाही.”

“लाल रंगात होतं.”

चहा आला. कुणीच धड प्यायलं नाही.

बाहेर व्हरांड्यात लॅबचा शिपाई गुणाजी झाडू टेकवून उभा होता. कॉलेजात कुठलीही गोष्ट प्राचार्यांच्या आधी त्याला कळायची.

“जोन्या, रविवारी ये की,” तो म्हणाला. “मी उघडतो लॅब.”

“रविवारी सर कुठून येणार, गुणाजीमामा?”

“पुंडलिक सर? त्यांना रविवारी घरात बायको बसू देत नाय. वरून कडक बोलतो तेवढंच. मी बघतो त्याचं.” मग प्रतिक्षाकडे वळला. “मॅडम, माझा बाप गेला ना, त्याच्या दहाव्याला कुंडलिका नदीवर पिंड ठेवला. कावळा शिवंना. वर झाडावर दोनशे कावळं, एक खाली येईना. तीन तास. मी उन्हात उभा राहून एकेक कबूल करतोय, बाबा, घर शाकारतो, बाबा, भावाशी बोलतो. शेवटाला आमची आत्या बायजाबाई म्हणाली, दादा, तुझी म्हैस इकणार नाय, तवा उतरला. त्या तीन तासांत तुमचा तो फारम मला दिला असता, तर मी पयल्या नंबरानं पास झालो असतो.”

जोनाथन हसला. प्रतिक्षाने त्याला हसताना पहिल्यांदाच पाहिलं. आणि तिला वाटलं, हा माणूस सातवी नापास, पण पोराला काय झालंय ते ह्याला एका वाक्यात कळलं. मी मात्र पंचवीस प्रश्न विचारले.

रविवारचं जमत होतं. राहिला दाखला. तिने जोनाथनला खोलीत बोलावलं, टॅबलेट बंद करून पालथा ठेवला.

“एकच गुरुवार,” ती म्हणाली. “एकदा डॉक्टरांकडे जाऊन ये. मी येते बरोबर. एका गुरुवारी नाही म्हटला कद्दीश, तर तुझे बाबा समजून घेतील.”

“बाबा घेतील मॅडम.” तो शांतपणे म्हणाला. “पण प्रश्न बाबांचा नाही. पेणचे चार जण आहेत. एक नागोठण्याचे. दोघे भाऊ अलिबागहून येतात. सायमनदादा इथल्या कंपनीत आहे, नाईट शिफ्ट करून तसाच गाडीत बसतो, पेणला उभ्या उभ्या झोपतो. जेकब अंकल आमच्या अष्टमीतले, ब्याऐंशी वर्षांचे, त्यांना मी नेतो. किती झाले?”

“नऊ.”

“दहावा मी. मी गेलो नाही तर कुणाचंच होत नाही. त्या अलिबागच्या भावांची आई डिसेंबरमध्ये गेली. ते पण माझ्यावर अवलंबून आहेत.”

कॉलेजाने सहा गुरुवार त्याची गैरहजेरी मोजली होती, प्रतिक्षानेही तीच धरली होती. त्याची हजेरी कुठे लागते, हे तिच्या ध्यानातच आलं नव्हतं.

“आणि तुला स्वतःला कसं वाटतं ह्या सगळ्याचं?” तिने विचारलं. हा प्रश्न यादीत नव्हता.

“वाईट वाटायला सवडच नाही. सोमवारपासून फोन. येणार ना अंकल? सुट्टी मिळाली का? बस आहे का? गुरुवारी दहा झाले की इतकं हायसं वाटतं, की कद्दीश म्हणताना बाबा आठवतच नाहीत. गाडी चुकणार नाही ना, हेच डोक्यात.” तो थांबला. “हे चूक आहे का?”

“नाही,” ती म्हणाली.

पुढच्या गुरुवारी जोनाथन पहाटेच्या गाडीने पेणला गेला, आणि प्रतिक्षा पेणहून रजा टाकून जिल्ह्याच्या ठिकाणी. रांगेत तिचा नंबर एकतिसावा होता. समोर बसलेल्या बाईचा मुलगा सारखा विचारत होता, “ह्यांना काय झालंय?” आई त्याला गप्प करत होती.

डॉक्टर चाळिशीच्या होत्या. जेवायची वेळ टळून गेली होती. “पेशंट कुठाय?”

“प्रार्थनेला गेलाय.”

“मग तुम्ही कोण?”

“मी त्याला चुकीने पाठवलं. तो आजारी नाहीये. फक्त तुमच्या सहीशिवाय त्याला लॅबमध्ये घेत नाहीत.”

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. “बाई, जो आलाच नाही त्याला बरा आहे असं मी कसं लिहू? आजारी आहे असंही लिहिता येत नाही. मी काहीच लिहू शकत नाही.”

“मग मी काय करू?”

“ज्याने पाठवलं त्याने लिहून द्यावं, की पाठवणं चुकीचं होतं. कारणासह, स्वतःच्या सहीने. मी त्यावर ‘पाहिले, केस बंद’ म्हणून सही करीन. पण मग चूक तुमच्या नावावर लागेल. चालेल?”

“चालेल” म्हणायला प्रतिक्षाला वेळ लागला. घरी वडील मिठागरावरच्या कामाने पाठ धरल्यापासून बसून होते, आणि तिची नोकरी ही घरातली एकच पक्की म्हणावी अशी गोष्ट होती. मग तिने पान मागितलं आणि लिहिलं. पहिलं वाक्य तिने तीनदा खोडलं. शेवटी साधं लिहिलं: ‘विद्यार्थी काय सांगतो आहे ते मला समजले नव्हते. मी समजल्यासारखे दाखवले.’

डॉक्टरांनी वाचलं, तिच्याकडे एकदा बघितलं, सही केली. “पुढचा,” त्या म्हणाल्या.

रविवारी सकाळी दहाला गुणाजीने लॅब उघडली. पुंडलिक सर आले, वर्तमानपत्र घेऊन कोपऱ्यात बसले आणि म्हणाले, “मी इथे नाही असं समजा.” जोनाथनने ब्युरेट धुऊन भरली. प्रतिक्षा दाराशी उभी होती. केस बंद झाली होती. सुपरवायझर मॅडमचा ‘आपण बोलू’ एवढाच मेसेज आला होता. काही का होईना, गुरुवार वाचला होता. तिला ते त्याच्या तोंडून ऐकायचं होतं.

“मग? गुरुवारी झालं ना नीट?”

जोनाथन ब्युरेटच्या तोटीखालच्या थेंबाकडे बघत राहिला. “नऊच झाले मॅडम.”

“काय?”

“जेकब अंकल आले नाहीत. स्टेशनवर वाट बघितली. फोन उचलेनात. गाडी सुटायला आली म्हणून मी चढलो, मी तरी पोचावं म्हणून. दुपारपर्यंत थांबलो आम्ही. मग अलिबागवाल्यांची बस होती.”

प्रतिक्षाने मनात हिशेब मांडला. एकतिसावा नंबर, रजा, आपल्या हाताने आपल्याविरुद्ध लिहिलेला कागद, आणि शेवटी नऊ. “तब्येत बरी नव्हती का त्यांची? तू नंतर गेलास त्यांच्याकडे?”

“गेलो. तब्येत बरी आहे.” त्याने तोटी बंद केली. “आमच्या गल्लीत त्या पत्राचं सगळ्यांना कळलंय. अंकल म्हणाले, गुरुवारपायी तुझ्या डोक्यावर परिणाम झाला असं कॉलेज म्हणतंय. मीच नाही आलो तर दहा होणार नाहीत, मग तूही सुटशील. म्हणून आले नाहीत. माझ्या भल्यासाठी.”

कोपऱ्यात वर्तमानपत्र खाली आलं.

“रीडिंग घे,” प्रतिक्षा म्हणाली. “हे संपव. मग मला त्यांच्याकडे ने.”

दीडच्या सुमाराला दोघं पूल ओलांडून अष्टमीत गेली. ऊन सणसणीत होतं. जेकब अंकलचं घर दुकानांच्या मागच्या बोळात होतं. दाराच्या चौकटीला तिरपी बसवलेली बोटाएवढी नळी होती, जोनाथनने आत जाताना तिला हात लावून बोटं ओठांना लावली. ती काय, हे प्रतिक्षाला माहीत नव्हतं.

“हे काय असतं?” तिने विचारलं.

“मेझुझा. आत वचनं लिहिलेली असतात. नंतर सांगतो.”

म्हातारा पलंगावर बनियनवर बसला होता, गुडघ्याला पट्टा. “ही कोण? तीच डॉक्टरीण?”

“डॉक्टर नाही, आजोबा. कॉलेजात असते. ते पत्र माझ्यामुळे निघालं. माझी चूक होती, मी तसं लिहून दिलंय. तुम्ही गुरुवारी जात जा. त्याला काही झालेलं नाही.”

जेकबने तिच्याकडे टक लावून पाहिलं.

“काही झालेलं नाही?”

“नाही. पूर्ण बरा आहे तो.”

“असं कसं काही झालेलं नाही?” म्हाताऱ्याचा आवाज चढला. “बाप मेलाय त्याचा! दहा महिने झाले, पोरगा एकदा रडलेला नाही. गाडीत माझ्या शेजारी बसतो तो मोबाईलवर नावं बघत, कोण आला, कोण नाही. कालपर्यंत म्हणत होतात खुळा झालाय, आज म्हणता काहीच नाही झालं. तुम्हा शिकलेल्या लोकांकडे दोनच रकाने आहेत काय?”

जोनाथन दाराशी उभा होता. त्याने खाली वाकून चप्पल नीट ठेवली, पुन्हा नीट ठेवली, आणि वाकलेलाच राहिला. त्याचे खांदे हलायला लागले. सुरुवातीला आवाज नव्हता. मग आला.

प्रतिक्षा उठायला गेली, तसा जेकबने हात वर करून तिला थांबवलं.

“बस. रडू दे.” थोड्या वेळाने तो हळू आवाजात म्हणाला, “ह्याच्या जिवाला ह्या फोनाफोनीतून जरा मोकळा करा. मोजायचं काम दुसऱ्या कुणी केलं, तर पोरगं निदान प्रार्थना तरी करील. तुला फोन करता येतात ना?”

“येतात.”

“मग कागद घे. नऊ नावं सांगतो. बुधवारी संध्याकाळी करायचे, आधी केले तर विसरतात. सायमनला दुपारी करू नको, झोपलेला असतो. आणि तू पेणची ना? मग गुरुवारी पेणच्या स्टेशनवर मला हात द्यायला ये, रिक्षाही बघून ठेव. तिथल्या पुलाचा जिना माझ्याच्यानं चढवत नाही आता. चार गुरुवार. येशील?”

गुरुवारी तिला साडेनऊला रोह्याला हजर व्हायचं असायचं. उशीर झाला की ॲपमध्ये तिच्याही नावापुढे लाल पट्टी. आणि ‘आपण बोलू’चा फोन अजून यायचाच होता.

“येते,” प्रतिक्षा म्हणाली, आणि पर्समधून पेन काढलं. “पहिलं नाव सांगा.”